आठ मिनिटं

४ फेब्रुवारी

पोहोचलो. विमान वेळेवर आलं, धाकटा भाऊ दीड तास उशिरा. तोवर मी सामानावर बसून होतो, तर तीन अनोळखी माणसांनी येऊन विचारलं, कुठून आलात, किती वर्षांनी आलात आणि एकटेच कसे. तिकडे कारखान्यात माझ्या डाव्या हाताला जो माणूस सोळा वर्षं उभा राहिला, त्याने यातलं एकही कधी विचारलं नाही.

तुला फोन करायचा नाही आणि तुझ्या दाराच्या आसपास फिरकायचं नाही, असं कोर्टाच्या कागदावर आहे. पत्राचं नाव त्यात नाही. निघायच्या आधी वकिलाला विचारलं. तो म्हणाला, "लिहू नका, एवढंच सांगेन." म्हणजे हा सल्ला झाला, मनाई नव्हे. म्हणून लिहितो.

घर तू पाहिलंस तसंच आहे. खाली आई, धाकटा आणि तुझी जाऊ. वर मी, एका खोलीत. खिडकीतून धाकट्याच्या वखारीचं अंगण दिसतं. ओंडके रचलेले, भुशाचे ढीग, आणि मध्ये पत्र्याखाली ती मोठी करवत. दिवसभर तिचा आवाज. पहिल्या दिवशी डोकं उठलं, तिसऱ्या दिवशी ती बंद पडली तेव्हा उलट दचकलो.

इकडे दार बंद करायची पद्धतच नाही. मी अंघोळ करून पंचा गुंडाळून बाहेर आलो तर समोरचा शिंपी माझ्या खाटेवर बसून माझाच पेपर वाचत होता. "या, बसा," तो मला म्हणाला. माझ्याच खोलीत! तिकडे मी जोरात शिंकलो तरी खालचा म्हातारा काठीने छत ठोकायचा. इकडे माणसं साधं बोलतात तेच भांडल्यासारखं. पोटभर आवाज असतो घरात. मला बरं वाटतं.

तुझं मनगट कसं आहे? दाराची कडी इतकी लागू शकते हे कोणाला ठाऊक होतं. वाऱ्याने दार आपटलं, तू ओरडलीस, आणि त्या चोंबड्या म्हाताऱ्याने लगेच फोन लावला. आठ मिनिटांत पोलिसांची गाडी दारात. धाकट्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आठ मिनिटांत? आमच्याकडे वखार पेटली तरी बंब आठ तासांत येत नाही." आम्ही दोघं पोट धरून हसलो. तुझी जाऊ पाणी द्यायला आली होती. ती हसली नाही. तिला विनोद कमीच कळतो बहुतेक.

लेकीला सांग, तिची सायकल मी विकली नाही, तळघरात आहे.

२१ फेब्रुवारी

वखारीत जायला लागलो. हातांना काम नसलं की ते माझे राहत नाहीत, तुला माहीत आहे.

तिकडे कसं, पहाटे सहाला पांढरा कोट, पांढरे गमबूट, डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा. हॉल फ्रिजसारखा गार. दर चाळीस सेकंदांनी आकड्याला टांगलेलं जनावराचं एक धड समोर येणार आणि आपण पुढचा पाय खांद्यातून सोडवायचा. नवीन माणूस सुरीने जोर लावतो. जुना बोटाने चाचपतो. सांधा सापडला की जोर लागतच नाही. सुरी टेकवायची आणि थोडं फिरवायचं, पाय आपोआप हातात येतो. बोलायचं नाही, कानात बोळे. दोन वाजता भोंगा. मग तोंड धुवायचं आणि माणसात यायचं.

इकडे नऊचं काम दहाला सुरू होतं आणि मोजे कोणीच घालत नाही. करवतीवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला साडेसात बोटं आहेत, म्हणून सगळे त्याला साडेसाती म्हणतात, तोंडावरच. तोही ओ देतो. मी त्याला म्हटलं, तिकडे एक बोट गेलं असतं तर चौकशी बसली असती. तो म्हणाला, "चौकशी करून बोट परत लावतात का?"

धाकट्याचा इकडे मोठा मान आहे. कोणाच्या घरी आजारपण असो की भांडण, याला बोलावणं येतं. आठ माणसं हाताखाली. त्याने नुसतं बघितलं तरी ती सरळ होतात. मी तिकडे सोळा वर्षं राबलो, पण माझ्या नजरेला कोणी असं घाबरलं नाही. दोन माणसं सोडून.

आईची नजर अधू झाली आहे. तुझी जाऊ रोज सकाळी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवते. छान वाचते. वर माझ्या खोलीपर्यंत शब्द न् शब्द येतो. मंगळवारी मात्र तिला 'प' आणि 'ब' म्हणता येईनात. ओठ मिटतच नव्हते. "नीट वाच गं," आई म्हणाली, "तोंडात काय घेऊन बसलीस?" चहा घेऊन वर आली तेव्हा खालचा ओठ फाटून सुजलेला दिसला. मी विचारायच्या आत तिनेच सांगितलं, "कपाटाचं दार लागलं, भाऊजी."

मी म्हटलं, "जपून."

आदल्या दुपारी जेवणाच्या वेळी खाली थोडी आदळआपट झाली होती खरी. भांडी पडल्यासारखी. त्याच वेळी शेजारच्या तिन्ही घरांत टीव्हीचा आवाज वाढला. मला वाटलं, कसलीतरी मॅच असेल.

१५ मार्च

मॅच नव्हती.

आता मला ओळखता येतं. आधी धाकट्याचा आवाज खाली जातो, चढत नाही. मग खुर्ची सरकते. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि ते काहीच नाही सगळ्यात वाईट. त्यानंतर पहिला फटका. उघड्या हाताचा निराळा, मुठीचा निराळा. मुठीचा आवाज ओल्या लाकडावर हातोडी मारल्यासारखा येतो. ती ओरडत नाही. फक्त श्वास तुटल्याचा आवाज येतो, दर वेळी.

रविवारी भर दुपारी हे सुरू झालं. मी उठलो, जिना उतरायला लागलो आणि सातव्या पायरीवर बसलो. खालचं सगळं तिथून अर्धं दिसतं. तिचे पाय दिसत होते. फरशीवर टाचा घासत ती मागे मागे सरत होती, भिंत लागेपर्यंत. मग त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा भिंतीवर ओलं काहीतरी राहिलं. पलीकडे खाटेवर आई पाठ करून पडली होती. झोपलेली नव्हती, हातातली माळ हलत होती.

मी घड्याळ बघत होतो. तुला खोटं वाटेल, पण मी आठ मिनिटं मोजली. समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. मी म्हटलं, आला आता हा, नको तेव्हा खाटेवर येऊन बसतो ना. जरा वेळाने मशीन पुन्हा चालू झालं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. ज्या घराचं दार कधी लागत नाही त्या घरात कोणी शिरलं नाही. भिंतींना कान असतात म्हणतात. तिकडे होते, इकडेही आहेत. तिकडच्या भिंतीला तोंडही होतं, एवढाच फरक.

मी वाट बघत होतो की कोणीतरी येईल. येण्यासारखा सगळ्यात जवळचा माणूस सातव्या पायरीवर बसला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी आईजवळ बसलो. म्हटलं, "आई, तो मारून टाकेल तिला."

आई म्हणाली, "तुझ्या बापाने माझ्या कानाचा पडदा फाडला होता. मेले का मी? घरोघरी मातीच्याच चुली."

"तिकडे असं चालत नाही."

"तिकडे?" आई हसली गं. दात नसलेलं हसू. "थोरल्या सूनबाईने मला फोन केला होता, तू यायच्या आधी. तिचा हात कोणत्या दाराने मोडला ते मला सांगू नकोस. तूही माझ्याच पोटचा आहेस."

म्हणजे तिला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून मी दाराची गोष्ट सांगतोय आणि ती माउली माना डोलावून ऐकतेय.

तर मग लिहितो. वारा नव्हता. दार उघडंच नव्हतं. तू लेकीच्या शाळेच्या सभेला मला न विचारता गेलीस, एवढंच झालं होतं. मी तुझं मनगट धरलं, अंगठा आतल्या बाजूला दाबला आणि फिरवलं. जोर लावला नाही. कुठे सुटतं ते माझ्या हाताला माहीत होतं. तुझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. तरी मी लगेच सोडलं नाही. अजून थोडं फिरवलं. लेक घरातल्या बोळात उभी होती. एका पायात बूट, दुसरा हातात.

ती त्यानंतर बूट घालून झोपते, कधीही पळता यावं म्हणून, असं तू कोर्टात सांगितलंस. मी वकिलाच्या कानात म्हणालो होतो, हे हिला कोणीतरी पढवलंय.

आणि ती पहिली वेळ नव्हती, म्हाताऱ्याने ऐकलेली पहिली होती.

३ एप्रिल

हात सुजलेत, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

परवा तुझी जाऊ एक पिशवी घेऊन बहिणीकडे निघून गेली. कोणाला न सांगता, पायी. काल सकाळी अकराच्या सुमारास धाकट्याने तिला वखारीच्या टेम्पोतून परत आणलं. घरात नेलं नाही. सरळ अंगणात उतरवलं, माणसांच्या देखत.

"सगळ्यांनी बघा," तो म्हणाला. ओरडला नाही. तोच खालचा आवाज. "हिला वाटतं, हिचे हातपाय हिचे आहेत."

करवत चालू होती. त्याने तिला दंडाला धरून ओढत नेलं आणि तिचा उजवा पंजा करवतीच्या टेबलावर पालथा दाबला. पात्यापासून वीतभर अंतर. मग तो हळूहळू पुढे सरकवायला लागला. तिने पाय मागे रोवले तर भुशावरून घसरली, तिचं सगळं वजन त्याच हातावर आलं. आठ माणसं उभी होती. एकाच्या हातात फळीचं एक टोक होतं, त्याने ते खालीसुद्धा ठेवलं नाही.

मी ओंडक्यांमागून पळत आलो. म्हटलं, "सोड तिला."

"दादा, तू मध्ये पडू नकोस. हा आमच्या दोघांतला मामला आहे."

हेच वाक्य मी तिकडे दारात आलेल्या पोलिसाला म्हणालो होतो, माहीत आहे? याच शब्दांत, फक्त त्यांच्या भाषेत.

साडेसातीने धावत जाऊन खटका पाडला. पण करवत लगेच थांबत नाही, फिरत राहते. मी धाकट्याचा दंड धरेपर्यंत पात्याने तिच्या करंगळीचं पेर नेलं होतं आणि तळव्याची कड उघडी केली होती. भुसा लाल झाला. मी त्याचा हात मागून उचलला, कोपर वर, मनगट खाली, बोटाने खांदा चाचपला आणि फिरवलं. खांदा निघाला. सोळा वर्षांत लाखो खांदे काढले असतील, तसाच निघाला. तो गुडघ्यावर आला.

ती सुटली होती. साडेसाती डोक्याचं फडकं तिच्या हाताला बांधत होता. इथे हात थांबायला हवे होते, आणि इथेच पत्र थांबवलं तर मी देवमाणूस ठरतो.

पण मी थांबलो नाही. खाली पडलेल्या माणसाच्या तोंडावर मी बुटाने मारलं. धाकटा म्हणाला, "दादा, बास." मी पुन्हा मारलं. त्याचे केस मुठीत धरून तोंड फळीच्या कडेवर आपटलं, जसं त्याने तिचं भिंतीवर आपटलं होतं, पण तीनवर थांबलो नाही. जबडा मोडल्याचं हाताला कळलं. दोन दात भुशात पडले. तो आईला हाका मारायला लागला, लहानपणी मारायचा तशा, आणि मी त्या तोंडावर मारत राहिलो. मला राग नव्हता. अंग हलकं झालं होतं. दोनचा भोंगा व्हावा आणि कानातले बोळे निघावेत, तसं. चौघांनी मिळून मला ओढलं तेव्हा मी त्यांतल्या एकाला चावलो.

पोलीस चाळीस मिनिटांनी आले, हे त्यांच्या कोठडीतून लिहितोय. फोन समोरच्या शिंप्याने केला होता. माणसाचा जीव जातोय म्हटल्यावर त्याला राहवलं नाही. तिच्या वेळी मात्र इतकी वर्षं सगळ्यांना राहवलं.

२० एप्रिल

जामिनावर सुटलो. साडेसाती जामीन राहिला. कारण विचारलं तर म्हणाला, "खटका पाडायला मी उशीर केला."

धाकटा हॉस्पिटलात आहे. जबडा तारेने बांधलाय, नळीने पितो. तुझ्या जावेने तिथेच, शेजारच्या वॉर्डातून, त्याच्यावर तक्रार लिहून दिली. तो बरा झाला की त्याला सरळ कोठडीत नेतील. आईने मला एकच वाक्य ऐकवलं, "आपलेच दात, आपलेच ओठ, आणि तू ते दात पाडलेस." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

चौकीत माझा जबाब घ्यायला एक हवालदार बाई होत्या. चाळिशीच्या, दमलेल्या. तिकडच्या पोलिसाने मला बसायला खुर्ची दिली होती आणि हातात बेड्या घातल्या होत्या. इकडे बेड्या नव्हत्या, खुर्चीही नव्हती. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "याआधी कधी कोणावर हात उचललाय?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी 'नाही' लिहिलं. ते अक्षर वाळेपर्यंत मी बघत राहिलो. मग म्हटलं, "बाई, ते खोडा."

"शाईने लिहिलंय."

"मग पुढे लिहा. बायकोवर. अकरा वर्षं. मनगट मोडलं, त्याआधी बरगडी. एकदा लेकीला ढकललं, तिच्या हनुवटीला पाच टाके पडले. ते आम्ही सायकलवरून पडली असं सांगितलं."

त्या लिहीत होत्या. शेवटी मान वर करून म्हणाल्या, "यानं तुमची केस सुधारणार नाही."

"माहीत आहे."

"मग कशाला सांगता?"

चूक कबूल केली की माणूस चांगला होतो असं काही मला वाटत नाही. कबूल करून हात हलके झालेले नाहीत.

तुझ्या कोर्टाच्या कागदाची मुदत जूनमध्ये संपते. ती वाढवून घे. ही सगळी पत्रं, हे धरून, वकिलाला दाखव आणि त्या कागदात पत्राचंही नाव घालायला सांग. मी इकडून आडकाठी करणार नाही. मी परत यायचं म्हणालो तर, आणि मी म्हणेन, मला माझी खात्री नाही, तर तू ऐकू नकोस.

काल दुपारी तुझी जाऊ हॉस्पिटलातून घरी आली. हाताला मोठं बँडेज. मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी पाणी तापवत होतो. मनात कुठेतरी होतं की ती काहीतरी बोलेल. उपकार म्हणून नाही, पण दोन शब्द. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"भाऊजी, एक सांगायचं होतं."

"बोल ना."

"तुम्ही वरची खोली सोडा."

मी म्हटलं, "तो आता इकडे येऊ शकत नाही. आला तरी मी आहे ना."

"म्हणूनच." तिचा ओठ आता बरा झालाय, सगळे शब्द नीट येत होते. "हे मारून झाल्यावर रडायचे तरी. तुम्ही त्यांना मारताना हसत होता. मी समोर होते. मी बघितलंय."

मला ते माहीत नव्हतं. तिच्या तोंडून ऐकेपर्यंत खरंच माहीत नव्हतं. आणि तिने सांगितल्यावर मला लेकीचा तो बोळातला चेहरा आठवला, ती नेमकं काय बघत होती ते.

"आज जातो," मी म्हटलं. "आईचं?"

"त्यांचं मी बघेन. पेपर वाचायचा असतो त्यांना."

मी खिशातून घराची किल्ली काढली आणि तिच्याकडे धरली. तिने हात पुढे केला नाही. बँडेजचा नाही आणि दुसराही नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती, किल्लीकडे नाही. मग मी किल्ली ओट्यावर ठेवली आणि मागे सरलो, पार भिंतीला पाठ लागेपर्यंत. तेव्हा ती आत आली, किल्ली उचलली, आणि मी बाहेर पडेपर्यंत माझ्याकडे पाठ न करता उभी राहिली.